मिक्सिंगआधी मिडीचं ऑडिओ करताना

मित्रानं लिहिलेल्या एका भावगीताला चाल लावून त्याची अरेंजमेंट मी घरीच, एरंडवण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत केली. तबला आणि बासरी खरी, वाजवणाऱ्यांना बोलावून रेकॉर्ड केलेली. तानपुरा, स्वरमंडल, पियानो, बेस, स्ट्रिंग्ज हे सगळं व्हर्च्युअल, म्हणजे कॉम्प्युटरमधली वाद्यं. वर एक पॅड, म्हणजे मागे भरून राहणारा सलग आवाज, माझ्या जुन्या कीबोर्डमधला. मिक्सिंग कर्वे रोडवरच्या एका दादाकडे करायचं ठरलं. त्याला फोन केला तर गाणं कसलं आहे हे विचारायच्या आधीच म्हणाला, "अगं, मिडी आणू नकोस हां. सगळं ऑडिओ करून आण. आणि प्रत्येक फाइल पहिल्या मात्रेपासून सुरू, मग वाद्य कितीही उशिरा येऊ दे."

त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. माझ्याकडच्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) त्याच्याकडे नाहीत, म्हणजे माझं सेशन, गाण्याची मूळ फाइल, तिकडे उघडलं तर निम्मे ट्रॅक मुके. मिडीत आवाज नसतोच. कुठला सूर, कधी दाबला, कधी सोडला, किती जोरात (१ ते १२७ मधला एक आकडा), एवढाच मजकूर. १९८३ साली मिडी आलं तेव्हापासून मामला हाच आहे. वाजवायचं काम समोरच्या वाद्यानं करायचं.

शिवाय लॅपटॉप टेकीला आला होता. वाजवताना बफर (आवाजाचे किती तुकडे साठवून मग पुढे पाठवायचे तो आकडा) १२८ ठेवते, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास उशीर, बोटांना कळतही नाही. पण स्ट्रिंग्जचे सगळे ट्रॅक उघडले की तडतड सुरू. बफर १०२४ केला की तडतड थांबते, उशीर मात्र २१ मिलिसेकंदांवर जातो आणि पियानोवर हात ठेवावासा वाटत नाही. यावर मी रिपरमध्ये, म्हणजे माझ्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, ट्रॅक फ्रीझ करत आले होते. तात्पुरतं ऑडिओ बनतं, वाद्य मेमरीतून उतरतं, वाटलं तर परत उघडता येतं. अरेंजमेंट चालू असताना ते उत्तम. पण त्यात 'बघू नंतर' शिल्लकच राहतं, आणि माझं अर्धं गाणं 'बघू नंतर'वर उभं होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तानपुऱ्यानं. माझ्या लायब्ररीत एकेका तारेची बरीच रेकॉर्डिंग्ज आहेत, आणि दर छेडीला ती त्यातलं कुठलं तरी उचलते. दोन छेडींमधलं अंतरही किंचित मागेपुढे करते. खऱ्या तानपुऱ्यासारखं वाटावं म्हणून हे केलेलं, आणि वाटतंही. पण जितक्या वेळा प्ले दाबाल तितक्या वेळा तानपुरा निराळा. मुखड्याच्या शेवटी खर्जाची एक छेड जड वाटली म्हणून दादानं ती खाली घेतली, आणि पुढच्या वेळी छेड तिथे पडलीच नाही, तर त्यानं करायचं काय?

हा प्रकार नेमका किती आहे ते बघायला मी एक गंमत केली. तोच ट्रॅक दोनदा रेंडर केला, म्हणजे त्याची ऑडिओ फाइल काढली, एकाची फेज उलटी केली (लहरीतलं वरचं खाली, खालचं वर) आणि दोन्ही एकत्र वाजवले. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर ते एकमेकांना खाऊन टाकतात, काहीच ऐकू येत नाही. पियानो पूर्ण गायब झाला. स्ट्रिंग्जचा घासल्यासारखा काहीतरी अवशेष उरला. तानपुरा? जवळजवळ तसाच्या तसा वाजत राहिला.

मग तानपुऱ्याचे पाठोपाठ बरेच टेक काढले आणि खऱ्या वादकाचे टेक निवडावेत तसे ऐकत बसले. एकात अंतऱ्याहून मुखड्यावर परत येताना खर्ज बरोबर समेवर पडला होता. मी सांगितलं नव्हतं, लायब्ररीनंही ठरवून केलं नव्हतं, पण तिथे गाणं जमिनीवर टेकल्यासारखं वाटत होतं. तो टेक ठेवला, बाकीचे पुसले. मिडीत राहिलं असतं तर हा खर्ज मला परत सापडला नसता.

स्ट्रिंग्जचं दुखणं वेगळं. कधीपासून कानाला 'जरा ढिलं' लागत होतं आणि मिडीच्या पट्टीत बघावं तर प्रत्येक सूर मात्रेच्या रेघेवर चोख बसलेला. ऑडिओ झाल्यावर दोन वेव्हफॉर्म एकाखाली एक आले. वर तबल्याच्या 'धा'ची उभी धार, खाली व्हायोलाचा हळूहळू फुगणारा पट्टा, आणि तो अंगात येईपर्यंत 'धा' संपत आलेला. संथ गज ओढलेली सॅम्पल्स अशीच असतात, सूर दाबल्यावर आवाज भरायला वेळ घेतात. मिडी सूर कधी दाबला ते दाखवतं, आवाज कधी आला ते नाही. पट्टा सुमारे ८० मिलिसेकंद डावीकडे सरकवला आणि ढिलेपणा गेला. सगळीकडे मात्र नाही सरकवला. दुसऱ्या अंतऱ्यात शब्दच उसासा टाकणारे आहेत, तिथे स्ट्रिंग्ज मागून आलेल्याच बऱ्या वाटल्या.

बाकीचं काम कारकुनी. फेडर (आवाजाची सरकपट्टी) शून्यावर, म्हणजे आवाज ना वाढवलेला ना कमी केलेला, सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या मास्टरवर कुठला इफेक्ट नाही, नॉर्मलाइझ बंद (नाहीतर कुजबुजणारं स्वरमंडलही बासरीएवढं मोठं होऊन बसतं). २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. बेस मोनो, कारण दोन्ही बाजूंना तेच भरून फाइल दुप्पट करण्यात अर्थ नाही. स्टिरिओ फाइल मिनिटाला सतरा एमबीच्या वर जाते, म्हणून पेन ड्राइव्ह जरा मोठा घ्यावा. स्वरमंडलाच्या शेवटी रेंडरच्या खिडकीत शेपूट जास्तीची ठेवली. तारा विझायच्या आत फाइल संपली तर तो तुटका शेवट मिक्समध्ये लपत नाही. लायब्ररीतला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, बंद केला, फक्त स्ट्रिंग्जचे जवळचे माइक आणि हॉलचे माइक वेगवेगळे काढले. पियानोवरचा डिले (मागून येणारा प्रतिध्वनी) मात्र चालीचाच भाग होता, म्हणून तो डिलेसकट एक आणि कोरा एक, असा दोन्ही.

गणपती महिन्यावर आले होते. संध्याकाळ झाली की नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू, आणि आमच्या खिडकीत बसून काही ऐकायची सोय नाही. रेंडरला ऐकावं लागत नाही, हे त्यातलं सुख. लॅपटॉप त्याच्या गतीनं हिशेब करतो. उशीर झाला तर पट्टी सावकाश सरकते, पण फाइलमध्ये तडतड येत नाही. गुरुवारी लाइट गेली तेव्हाही बॅटरीवर रखडत का होईना, काम चालू राहिलं. ऐकून तपासायचं ते सकाळी, दूधवाल्याच्या वेळी. कीबोर्डचा पॅड तेवढा याला अपवाद. तो आवाज यंत्रातून तारेनं यायचा, त्यामुळे रेकॉर्डच करावा लागला, आणि गाणं जेवढं लांब तेवढा वेळ खाऊन.

दादाकडे सगळ्या फाइल एकदम ओढून टाकल्या, त्या शून्यावर ओळीनं बसल्या आणि प्ले दाबल्यावर गाणं वाजलं. तो काही बोलला नाही, सरळ बासरीच्या मागे लागला. तासाभरानं मान वर करून म्हणाला, "अंतऱ्यात व्हायोलाचा तो कोमल निषाद बासरीला घासतोय. खाली उतरव ना."

"आत्ता?"

"मग काय, मिडी टाकून दिलंस की काय?"

टाकून दिलं नव्हतं. ऑडिओ करण्याआधी सेशनची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती, कुठल्या वाद्याचं कुठलं पॅच (निवडलेला आवाज) ते ट्रॅकच्या नोंदीत लिहून. लॅपटॉप बरोबर होताच. त्याच्याच सोफ्यावर बसून निषादाचा धैवत केला, त्या ट्रॅकला तेवढंच ८० मिलिसेकंद सरकवून रेंडर लावलं आणि पेन ड्राइव्ह परत त्याच्या हातात दिला. नवी फाइल जुनीच्या जागी बसली. त्यानं एकदा ऐकलं, मग व्हायोला आणखी थोडा खाली घेतला, आणि पॅड बंदच करून टाकला.