हलगीवाल्याची नजर

अंतराळात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. शाळेतलं विज्ञान इथं थांबतं आणि अंतराळातल्या गेमचं संगीत इथून सुरू होतं. यानाचं इंजिन घुमतं ते निव्वळ खेळणाऱ्याच्या समाधानासाठी. उरलेली सगळी पोकळी संगीतानं भरायची. पण खरी पंचाईत पोकळीची नाही, वेळेची आहे. सिनेमातला प्रसंग सव्वादोन मिनिटांचा असला तर तो जन्मभर तेवढाच राहतो. गेममध्ये एकजण शत्रूचा तळ चाळीस सेकंदांत उडवतो, दुसरा यान उभं करून शनीची कडी बघत बसतो आणि मधेच चहा टाकायला उठतो. चाल दोघांनाही पुरायला हवी.

कोल्हापूरला हा प्रश्न जुना आहे. इथलं कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ चं. कुस्ती दोन मिनिटांत निकाली होईल की अर्धा तास रेटेल, हे तिथं कुणालाच ठाऊक नसतं, तरी हलगी वाजतच असते. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत फिरत असतात तोवर ती रमतगमत चालते. पट काढला की ठेका चढतो, डाव सुटला की उतरतो. हलगीवाल्याची नजर हलगीवर नसते, तांबड्या मातीवर असते. गेमच्या संगीतकाराला हीच नजर आधी बसून लिहून ठेवावी लागते. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये चारच उतरते स्वर होते, तेच ते पुन्हा पुन्हा, शत्रू अंगावर येईल तशी त्यांची लय वाढायची. घाम फोडायला तेवढं पुरलं.

आता हे काम थरांनी होतं. तळाशी नुसता आस, म्हणजे अखंड धरलेला सूर, त्यावर सुरावट, मग ताल, सर्वांत वर लढाईचे फटके. हे चारही थर एकाच क्षणी सुरू करायचे आणि नको असलेल्यांचा आवाज शून्यावर ठेवायचा. एफमॉड किंवा वाइजसारखं सॉफ्टवेअर गेमकडून धोक्याचा आकडा घेतं आणि त्याप्रमाणे आवाज वरखाली करतं. लय ६० ची, म्हणजे मिनिटाला ६० मात्रांची, धरली तर चार मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं होतं. बदल आवर्तनाच्या समेवरच करायचा असं ठरवलं, तर यानाला गोळा लागल्यावर कधीकधी चार सेकंदांनी संगीताला जाग येते. म्हणून बदल मात्रेवर घ्यावा आणि लढाईचा थर १२० च्या लयीत, म्हणजे दुगुनीत, बांधावा. दोन्हींची सम जुळलेली राहते. थर चढायला एक सेकंद द्यावा, उतरायला सहा-आठ. शत्रू टप्प्याच्या आतबाहेर करत राहिला तर ताल उचकी लागल्यासारखा येतो-जातो, त्यामुळे धोका टळल्यावरही आठ-दहा सेकंद थर खाली आणायचा नाही. पैलवान सुटला म्हणून हलगी तरी लगेच कुठं थांबते?

तळातल्या आसासाठी बहुतेक जण सिंथेसायझरचा लांबलचक सूर आणि मागं कॉयर, म्हणजे चर्चमधलं समूहगान, लावतात. सगळी आकाशगंगा एकाच चर्चमध्ये भरल्यासारखी वाटते. इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे, जिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि अंतराळाशी नातंच काढायचं तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबाराचे गवई. कॉयरवाल्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मात्र तंबोरा गेममध्ये घालताना दोन खोड्या निघतात. चार तारांचा फेरा लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यात, पूर्ण संख्येनं बसला नाही तर जोडावर ठेच लागते. दुसरी खोडी सूक्ष्म आहे. जवारीतून, म्हणजे तारेच्या झणकारातून, जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंटचं अंतर असतं). दोन्ही एकत्र आले की कंप सुटतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते कळत नाही. कीबोर्डचा गंधार तेवढा उतरवावा, नाहीतर वगळावा. सा, रे, प एवढ्यावर अंतराळ छान उभं राहतं. घरातल्या वायरिंगची गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) अगदी जवळची. षड्ज तिथं धरला तर ती सुरात मिसळून लपते आणि पुढं पट्टी बदलली की उघडी पडते. अर्थिंग आधी तपासलेलं बरं.

लढाईच्या थरात हलगी-घुमकं असलंच पाहिजे, असं आमचं मत. त्यावर वाद घालायला कोल्हापुरात कुणी येणार नाही. पण कातडी हलगी शेकल्यावर चढते आणि गार होताना उतरत जाते. पहिलं रेकॉर्डिंग आणि अर्ध्या तासानंतरचं, दोन्ही जोडली तर वाद्यं दोन वाटतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. दर थोड्या वेळानं शेकत राहायचं, माइक दीडदोन मीटर लांब आणि रेकॉर्डिंगच्या मीटरवर फटक्याचं टोक उणे १२ डेसिबलच्या खाली ठेवायचं. यंत्रांचे आवाज हवे असतील तर उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथ आहेतच. तो आवाज चौपट संथ केला की दोन सप्तकं खाली येतो आणि अवाढव्य यानासारखा कण्हतो. फक्त ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला ४८ हजार नमुने) घेतलेला आवाज असा ताणला तर सहा किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही, सगळं मळकट होतं. ९६ वर घ्यावा, आणि माइकही २० किलोहर्ट्झच्या वरचं टिपणारा हवा.

कंटाळा टाळायचा साधा हिशोब असा: १७, २३ आणि २९ सेकंदांचे तीन लूप एकदम सोडले तर तिघांची पुन्हा एकत्र सुरुवात ११,३३९ सेकंदांनी, म्हणजे तीन तास नऊ मिनिटांनी होते. तेवढ्यात चहा होऊन जेवणही होतं. लूप तोडताना शेवटच्या सुराची घुमण कापली जाते, त्यामुळे चाल सलग दोनदा वाजवून दुसरी फेरी कापून घ्यावी. पहिलीची घुमण तिच्या तोंडाशी आलेली असते. फाइल एमपीथ्रीत देऊ नये, त्यात मागंपुढं थोडी शांतता चिकटते आणि जोड उचकतो, ऑग चालतं.

शेवटी सगळं स्वस्तातल्या फोनवर ऐकायचं. तिथं दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काही उरत नाही, हेडफोनवर पोटात घुमणारा खर्ज चक्क गायब होतो. त्यावर हलकं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाटू देणारा परिणाम, दिलं की वरचे स्वरांश जागे होतात आणि कान खालचा सूर मनानंच भरून घेतो. फोनसाठी सरासरी आवाज उणे १८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास असावा, टीव्हीवरच्या गेमसाठी उणे २४. आणि रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत फोन हातात धरून एकदा खेळून बघावं: कंट्रोल टॉवरचा इशारा हलगीत बुडत असला तर एक ते चार किलोहर्ट्झमध्ये हलगी तीनचार डेसिबल कापायची, कितीही जिवावर आलं तरी.