पाण्याखालची खाण

रविवार, डिचोली, गोवा

दुपारी पाऊस ओसरला आणि घरात बसवेना. चालत लोहखनिजाच्या जुन्या खाणीपर्यंत जाऊन आलो. खाण तुडुंब भरली आहे. पाणी इतकं हिरवं-निळं की नव्या माणसाला वाटावं, हे तळं मुळातच इथं असेल. मला मात्र तळाशी उतरणारा ट्रकांचा रस्ता आठवतो, वळणावळणाचा, लाल. आता त्याचं पहिलं वळणच काय ते दिसतं, पुढे रस्ता पाण्यात शिरतो.

भूजलाच्या खाली खणायचं तर रात्रंदिवस पाणी उपसावं लागतं. पंपांची ती घरघर आमच्या झोपेचाच भाग होती. उपसा चालू होता तोवर खालच्या वाड्यावरच्या विहिरी पौष सरायच्या आत तळ दाखवायच्या. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणकाम थांबवलं, पंप मुके झाले आणि त्या पहिल्या रात्री आई मध्येच उठून बसली. म्हणाली, "कसली तरी भीती वाटते, आवाजच नाही."

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि आतेभाऊ पहिल्यांदा आत उतरलो. उभ्या कापलेल्या कड्यावर सगळं वाचता येत होतं. वर जांभा, ज्याचे चिरे काढून आमची घरं बांधली. त्याखाली पिवळट, मग गुलाबी माती, बोटाने खरवडली तरी निघणारी. आणि तळाशी निळसर करडी भुकटी. हेच लोहखनिज, खाणीवरची माणसं तिला 'ब्लू डस्ट' म्हणतात. मूठभर घेतली, तर मुठीला न शोभणारं वजन. तळवा उघडला तेव्हा रेषारेषांत चकाकी भरली होती. लहानपणी ट्रकांतून सांडलेली ही भुकटी आम्ही काडेपेटीत साठवायचो, सोनं म्हणून. गोव्यात सोन्याच्या खाणी नाहीत हे कळायला बरीच वर्षं गेली. सोनं होतं ते गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या नाण्यांत. एका बाजूला सिंह, दुसरीकडे सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख. तो देव आमच्याच तालुक्यात, नार्व्याला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने उभारलं, हे शाळेत इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. खाणीबद्दल मात्र शाळेत कुणी चकार शब्द काढला नाही.

हे खुपायला लागलं ते उसगाळीमळला गेल्यावर. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी, सपाट जांभ्यावर कुणीतरी बैल कोरलेत, हरणं कोरलीत, एक गोल चक्रव्यूह कोरलाय. हजारो वर्षं ते तिथं होतं आणि 1993 मध्ये गावकऱ्यांनीच दाखवलं म्हणून अभ्यासकांना कळलं. वाकून त्या चक्रव्यूहाच्या खाचेवरून बोट फिरवलं. दगड उन्हाने तापला होता. परतताना वाटेत एक बंद खाण लागली, अशीच पाण्याने भरलेली. एकच दगड, दोन्ही माणसानेच कोरलेले. तिथंच आजी आठवली.

आजी पोर्तुगीज अमदानीत खाणीवर जायची. यंत्रं तेव्हा नावालाच. पुरुष पहारीने खणायचे, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून खनिजाच्या पाट्या वाहायच्या. पुढे तो माल मांडवीतून बार्जने मुरगावला आणि बोटीतून जपानला. आजीने मुरगाव बंदर कधी पाहिलं नाही, पण "आमची माती जपानाक गेली" हे ती अभिमानाने सांगायची. उन्हाळ्याचं विचारलं की म्हणायची, "पांय लासताले रे." पाय भाजायचे. बस, एवढंच. पाटीमागे किती आणे मिळायचे, तान्ही मुलं कुठं ठेवायच्या, संध्याकाळी पाटी खाली ठेवल्यावर काय बोलायच्या, मी विचारलंच नाही. ती गेली.

पोर्तुगीजांनी दिलेली खाणींची कन्सेशनं, म्हणजे खाणकामाचे हक्क, 1987 च्या कायद्याने रद्द होऊन त्यांची लीज, म्हणजे भाडेपट्टे झाले, 2018 च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा थांबल्या, पुढे लिलाव झाले. या सगळ्याचे कागद कुठल्या ना कुठल्या कचेरीत सापडतील. चुंबळीचा कागद कुठं असणार? डिचोलीच्या बाजूला पुन्हा ट्रक फिरू लागलेत. उद्या ही खाणही उपसतील, कडा आणखी मागे कापतील, आणि आजी ज्या वाटेने पाटी घेऊन चढायची ती वाटही मालाबरोबर जाईल. खाण चालू व्हावी की नाही, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. ट्रक विकून बसलेला भाऊ एकीकडे, विहीर भरलेली काकी दुसरीकडे. दोघांचंही मला पटतं, त्यामुळे रात्री झोप लागत नाही.

येताना काकीच्या दारात थांबलो. तीही मुलगी असताना दोन उन्हाळे खाणीवर गेली होती, हे मला आजच कळलं. वाटी नाचण्याची आंबील दिली आणि म्हणाली, "फाल्यां सकाळीं यो, आतां सांज जाली."

मोबाइल चार्जिंगला लावलाय. वहीही काढून ठेवली आहे. सकाळी सातला जातो.