‘गेट’चे अर्थ आणि पत्र मिळालेली ‘मला’

बेळगावात टिळकवाडीतल्या घरी मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मागच्या आठवड्यात ‘मला पत्र मिळाले’ याचे इंग्रजी करायला सांगितले, तेव्हा एका मुलीने वहीत ‘टू मी लेटर गॉट’ असे लिहिले, आणि लाल पेन उचलता उचलता माझ्या लक्षात आले की ही चूक आळसातून झालेली नाही. मराठीत मिळते ते पत्र, आणि ते ‘मला’ मिळते. तिच्या शेजारी बसणारा, घरी कन्नड बोलणारा मुलगाही ‘ननगे सिक्कितु’ असेच म्हणतो. दोन्ही भाषांत माणूस चतुर्थीत एका बाजूला उभा असतो. इंग्रजीत मात्र त्याला ओढून प्रथमेत आणावे लागते. ‘मला कळले’, ‘ननगे गोत्तायितु’ आणि ‘आय गॉट इट’ यांचीही हीच गत.

गाइडमध्ये ‘गेट’पुढे रिसीव्ह, ऑब्टेन, अक्वायर अशी समानार्थी शब्दांची ओळ छापलेली असते आणि मुले ती घोकतात, पण या शब्दांची अदलाबदल करता येत नाही. रिसीव्हमध्ये घेणाऱ्याला हातपाय हलवावे लागत नाहीत, ऑब्टेनमध्ये खटपट असते. आपण हा फरक एका ‘व’वर भागवतो: जातीचा दाखला कुणाला ‘मिळतो’, तर कुणी कचेरीत चार खेपा घालून तो ‘मिळवतो’. ‘गेट’ या दोघांनाही चालते. शिवाय ‘गेटिंग डार्क’मध्ये ते होणे असते, ‘गॉट माय हेअर कट’मध्ये कापून घेण्यातले घेणे असते, आणि ‘गॉट बीटन’चे मराठी करताना तर आपल्याला मार ‘खावा’ लागतो. (कन्नडमध्येही मार खातातच, ‘एटु तिन्नु’ म्हणजे शब्दशः तेच.)

‘फॉर्मल निबंधात गेट नको’ असे शिकवले जाते, त्यामागे इतिहास आहे. ‘गेट’ हा शब्द इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेतला; ‘टेक’ही त्यांचाच, आणि त्याने घेणे या अर्थाचे ‘निमन’ हे जुने इंग्रजी क्रियापद पार हुसकावून लावले. रिसीव्ह आणि ऑब्टेन आले फ्रेंचमधून, म्हणजे 1066च्या नॉर्मन विजयानंतर जी दरबाराची आणि कायद्याची भाषा झाली तिच्यातून. म्हणून एक घरातले वाटते आणि दुसरे कचेरीतले, जसे आपण बोलताना ‘पत्र मिळाले’ म्हणतो आणि अर्जात ‘आपले पत्र प्राप्त झाले’ लिहितो. शेजाऱ्याकडून नाम उसने घेणे नेहमीचेच आहे, पण रोज वापरायचे क्रियापद उसने घ्यायला किती वर्षे एकमेकांत राहावे लागले असेल, याची कल्पना सीमाभागातल्या माणसाला वेगळी द्यावी लागू नये.

खानापूरच्या बसमध्ये कंडक्टर ‘इळीरी’ म्हणतो, आपण ‘उतरा’ म्हणतो. दोन्ही क्रियापदांत खाली येणे आहे, म्हणूनच आपल्याकडचे इंग्रजी बोलणारे ‘गेट डाऊन’ म्हणतात. ब्रिटिश माणूस ‘गेट ऑफ’ म्हणेल. मी मुलांना पेपरात ‘गेट ऑफ’च लिहायला लावते, पण आपल्या बसच्या त्या उंच पायऱ्यांना ‘डाऊन’ जास्त शोभते, असे माझे प्रामाणिक मत आहे.