पलचानच्या पुढे: जुन्या जिप्सीने जानेवारीतली मनाली

मुंबईहून जुन्या गाडीने हिवाळ्यात मनालीला निघायचं तर बर्फाच्या आधी दिल्लीचा विचार करावा लागतो. आमची मारुती जिप्सी 1998 ची, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारं जुन्या पद्धतीचं यंत्र), पेट्रोलवर चालणारी. फेरनोंदणी झालेली, पर्यावरण कर भरलेला, पीयूसी ताजी. पण दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आहेत. कोर्टात त्यात वेळोवेळी फेरफार होत आले, तरी इतक्या जुन्या मानकाच्या गाडीने तिकडे न फिरकलेलंच बरं. आणि हे क्षेत्र म्हणजे नुसती दिल्ली नव्हे. रेवाडी, नारनौल, रोहतक, पानिपत, कर्नाल, राजस्थानातलं अलवर, सगळं त्यात मोडतं. म्हणजे मोबाइलवरचा नकाशा जयपूरनंतर जो सरळसोट रस्ता दाखवतो, तो जुन्या गाडीवाल्यांसाठी नाही.

आम्ही अहमदाबाद, हिंमतनगर, उदयपूर, अजमेर, मग डावीकडे नागौर, बिकानेर, हनुमानगड आणि तिथून भटिंडा, पटियाला, रोपड असे गेलो. अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर जातं, पण बिकानेरच्या बाजूचे रस्ते मोकळे आहेत आणि ऐंशीच्या पुढे ज्या गाडीचं छप्पर गायला लागतं तिला तसे रस्ते मानवतात. गुजरातबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वापीच्या आधीची ट्रकची रांग सगळ्यांना ठाऊक आहे. पंजाबात मात्र धुकं. जानेवारीत सकाळी दहाच्या आत भटिंडा सोडू नका. धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावणारे महाभाग आपल्याला गोंधळात पाडतात. डिपर खाली, काच थोडी उघडी, रेडिओ बंद.

गाडीची खरी तयारी मुंबईत झाली, आणि त्यात सगळ्यात जास्त दिवस हीटरने खाल्ले. मुंबईतल्या जुन्या गाड्यांचे हीटर बहुतेक मेलेले असतात. कधीतरी हीटरची जाळी गळते, मिस्त्री दोन्ही पाइप एकमेकांना जोडून मोकळा होतो आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो, कारण मुलुंडला हीटर लावतंय कोण? आमचाही तसाच जोडलेला निघाला. बदली जाळी कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधली. दुकानदार म्हणाला, ‘मुंबईत हीटर मागणारं गिऱ्हाईक वर्षात एखादं.’ पण हीटर म्हणजे चैन नव्हे. थंडीत तीन माणसांच्या श्वासाने काच आतून धुरकटते आणि ती फडक्याने पुसत बसलात तर पुसलेलं पाणीच गोठून काचेवर पापुद्रा धरतं.

दुसरं काम कूलंटचं. आपल्याकडे जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये सर्रास नळाचं पाणी असतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवतं. निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल घातलं की उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत घोर नाही. ते भरण्याआधी रेडिएटर धुऊन घ्या, नाहीतर गंजाचा चहा होतो. इंजिन ऑइल 20डब्ल्यू-40 ऐवजी थंडीत पातळ राहणारं 10डब्ल्यू-30 घातलं, बॅटरी नवी घेतली आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदलले. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर मऊ पडून चिरतं. ते पुण्याच्या वाटेवर फुटलं तर हसू येईल, मनालीच्या वरच्या सोलंगला नाही.

आमच्याबरोबर आमच्यातल्या संज्याचे मामा होते. साताऱ्याकडचे, लष्कराच्या सर्व्हिस कोअरमधून निवृत्त झालेले, आता कांजूरमार्गला. श्रीनगर-लेह रस्त्यावर शक्तिमान ट्रक आणि जोंगा चालवलेला माणूस. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: शक्तिमान म्हणजे जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला ट्रक, आणि जोंगा म्हणजे निसानच्या ‘पट्रोल’ (Patrol) या जीपची तिथेच बनलेली आवृत्ती, चार लिटरच्या जवळपासचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मामांच्या मते जोंगा पेट्रोल ‘पीत’ नाही, ‘आंघोळ करते’. झोजी ला ही खिंड उतरून द्रासला मुक्काम पडला की रात्री रेडिएटरचं पाणी काढून टाकायचं आणि पहाटे गरम करून परत भरायचं, हे काम नव्या पोराच्या माथी. शक्तिमानची चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, शेगडीने शेकायची. शेकताना आग मोठी झाली तर काय, असं मी विचारलं. ‘मग गाडी लवकर गरम व्हायची,’ मामा म्हणाले.

माझ्या आठवणीतल्या जुन्या गाडीचं दुखणं नेमकं उलटं. आमच्या घरी प्रीमिअर पद्मिनी होती, जिला मुंबईत कोणी पद्मिनी म्हटलं नाही, कायम फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, 1089 सीसी, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर. एक्स्प्रेस वे नव्हता तेव्हा खंडाळ्याचा घाट चढताना पेट्रोल पाइपातच उकळून वाफ धरायचं, मग वडील बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि आम्ही कठड्यावर बसून वडा खायचो. डॅशबोर्डखाली चोकचा दट्ट्या होता, तो आम्हा भावंडांचं खेळणं. मुंबईच्या हवेत त्याची गरज क्वचितच पडायची. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. चोक कशाला देतात हे मला खरं कळलं ते मनालीत, सकाळी उणे तापमानात. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून हवा कोंडून मिश्रण घट्ट करायचं. दट्ट्या पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, क्लच दाबून सेल्फ मारायचा म्हणजे गिअरबॉक्समधलं गोठलेलं ऑइल फिरवायचा भार सेल्फवर येत नाही. इंजिन पकडलं की दट्ट्या हळूहळू आत. आजूबाजूच्या नव्या गाड्या बटणावर सुरू होत होत्या, पण आमची सुरू झाल्यावर हॉटेलचा आचारीसुद्धा बाहेर येऊन टाळी देऊन गेला.

कीरतपूर ते नेरचौक चौपदरी रस्ता 2023 मध्ये सुरू झाल्यापासून स्वारघाटचा जुना छळ संपला आहे. मंडीनंतर पंडोह ते औट हा तुकडा दिवसाच करा, दरडी आहेत आणि कामंही चालू असतात.

आता मुख्य गोष्ट. मनालीपर्यंत बहुतेक वेळा डांबर मोकळं असतं. बर्फाचा खेळ नेहरू कुंडाच्या पुढे सुरू होतो. पलचानला रस्ता फुटतो: उजवीकडे कोठी, गुलाबा आणि रोहतांग (3978 मीटर, हिवाळ्यात बंद), डावीकडे सोलंग, धुंदी आणि अटल बोगदा. बर्फ पडला की पोलीस इथेच किंवा सोलंगला अडवतात आणि फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) किंवा टायरना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. डिसेंबर 2024 मध्ये याच पट्ट्यात शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या, तेव्हापासून त्यांचं बरोबरच आहे असं माझं मत झालं आहे.

साखळ्या भाड्याने मिळतात, पण आपल्या टायरच्या मापाच्या मिळतीलच असं नाही. सैल साखळी ब्रेकचा पाइप तोडते. आम्ही मुंबईतूनच मापाच्या नेल्या होत्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला, म्हणजे आजच्या बहुतेक हॅचबॅकना, पुढे लावायच्या. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्यांना मागे. आम्ही चारही लावल्या. घरच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघा, कारण तिथे हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पलचानला अर्ध्या तासाचं. साखळी जमिनीवर पसरायची, गाठी सोडवायच्या, टायरवर झूल टाकायची, आतला हूक हाताने चाचपून अडकवायचा, कारण तो दिसत नाही. लोकरीचे हातमोजे दोन मिनिटांत भिजतात, रबरी घ्या. शंभर मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. तिशीच्या पुढे जायचं नाही.

सोलंग ते धुंदीचा तुकडा आम्ही दोनदा पाहिला, एकदा ताज्या बर्फात आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सोपा कुठला हे विचाराल तर ताज्या बर्फातला. भुसभुशीत बर्फ टायर धरतो. आदल्या दिवशी वितळलेलं पाणी रात्री गोठून डांबरावर जी काच होते तिच्यावर फोर बाय फोर, साखळी, पुण्याई, काहीच फारसं चालत नाही. ती काच सावलीतल्या वळणावर असते आणि ओल्या रस्त्यासारखीच दिसते. ऊन रस्त्यावर पडल्याशिवाय निघू नये.

मामांनी मला सगळा वेळ एकच धडा दिला. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आपला डावा पाय कायम अर्ध्या क्लचवर आणि उजवा ब्रेकवर नाचत असतो. बर्फात ते दोन्ही वाईट. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटली, ब्रेक दाबला की चाकं थांबली आणि गाडी घसरत निघाली. आमच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाहीच. ‘आरं, उतारावर गाडी गिअरनं धर. पायानं नगो.’ म्हणून उतरताना लो रेंजचा (फोर बाय फोरमधल्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या जोडीचा) दुसरा गिअर, दोन्ही पाय जमिनीवर. सुटायचं तेही दुसऱ्या गिअरमध्ये, पहिल्यात चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं. मागचा भाग घसरला तर ॲक्सिलरेटर सोडायचा आणि ज्या बाजूला घसरतोय त्याच बाजूला स्टिअरिंग, थोडंसंच. धुंदीच्या अलीकडे एक टॅक्सी आमच्यापुढे हळूच आडवी झाली, अगदी निवांत, आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. मी ब्रेककडे जाणार तोच मामांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. गिअरवरच गाडी मंदावत गेली आणि दोन गाड्यांमध्ये एक हात अंतर राहिलं.

अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या थोडा वर, 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झालेला. आत रस्ता कोरडा असतो, तेव्हा तोंडाशीच साखळ्या काढा आणि जुन्या पार्ट-टाइम (गरजेपुरतं हाताने लावायच्या) फोर बाय फोरवाल्यांनी टू-व्हीलमध्ये या. कोरड्या रस्त्यावर पुढची-मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शिअल नसल्याने सगळा ताण गिअरांवर येतो, स्टिअरिंग जड होतं. आत थांबून फोटो काढायला मनाई आहे, दंड होतो.

पलीकडे सिस्सू. बोगद्याच्या आधीचं आणि नंतरचं ऊन वेगळं असतं. चंद्रा नदीच्या काठावर सगळं पांढरं आणि टणक. इथे आमच्या कार्ब्युरेटरने काळा धूर सोडायला सुरुवात केली. एवढ्या उंचीवर हवा सुमारे तीस टक्के विरळ, पेट्रोल मात्र मुंबईच्याच मापाचं. मामांनी पान्याच्या डब्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढून मिश्रणाचा स्क्रू थोडा आत घेतला, इंजिन निवांत झालं. हेच परतल्यावर उलटं करा, नाहीतर मुंबईत गाडी तापते. डिझेलवाल्यांनी टाकी मनालीतल्या किंवा त्याच्या वरच्या पंपावर भरावी. मैदानातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं जमून फिल्टर बुजवतं. आणि एक: जानेवारी-फेब्रुवारीत लाहौलमध्ये हालडा, फागली हे सण असतात, काही पंचायती त्या काळात पर्यटकांना येऊ देत नाहीत. आधी विचारून जा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ब्रेकचे शू ड्रमला गोठून चिकटतात. पहिला गिअर आणि चाकाला दगड. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतणारे दरवर्षी काचा फोडून घेतात. कुलूप गोठलं तर किल्ली लायटरवर शेकायची.

अडकलात तर गाडीतच थांबा, पण इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सर बर्फात बुजला की धूर आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. दर वेळी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, दहा मिनिटं इंजिन चालवा, काच बोटभर उघडी. खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याचाही तोच धोका. गाडीत फावडं, घोंगडी, पाणी, चिक्की आणि भाकरवडी असू द्या. टायर पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर खोबण कितीही दिसो, रबर कडक झालेलं असतं. तिथे पैसे वाचवू नका.

परत आल्यावर गाडी खालून नीट धुऊन घेतली, साखळ्यांना जळकं ऑइल लावून गोणीत भरल्या. त्या 205/70 आर 15 टायरच्या आहेत. पुढच्या हिवाळ्यात कोणी जिप्सी घेऊन जाणार असेल तर मुलुंडला येऊन घेऊन जा, फक्त परत आणताना गाठी सोडवून आणा.