गाठी नाहीत त्या

९७ दिवस पाळी आली नव्हती आणि आली ती नेमकी कोरेगावहून साताऱ्याला येताना एसटीत. मी तेव्हा २१ ची, कॉलेजचं शेवटचं वर्ष. तीन महिने लागलंच नव्हतं म्हणून बॅगेत पॅड ठेवायचं सोडून दिलेलं. ओढणी कमरेला गुंडाळली आणि स्टँडवर उतरून तशीच रिक्षानं घरी आले. आई म्हणाली, "आली का, सुटलीस बाई एकदाची." कारण दिवस तीच मोजत होती, कालनिर्णयवर पेन्सिलनं बारीक फुल्या मारून, मला न सांगता.

पण ती पाळी १३ दिवस थांबलीच नाही. मग दवाखाना, मग सोनोग्राफी. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून करतात, त्यासाठी ब्लॅडर फुल्ल लागतं, म्हणून बाटलीभर पाणी पिऊन पाय आवळून बाकड्यावर बसायचं. समोर भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा बोर्ड आणि आजूबाजूला सगळ्या पोटुशी बायका. शेजारच्या ताईंनी सहज विचारलं, कितवा महिना? मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नाही हो, पोटात दुखतंय तिच्या." माझ्या पोटात अजिबात दुखत नव्हतं.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, पीसीओडी आहे, म्हणजे अंडाशयाचा त्रास, दोन्ही बाजूंना गाठी आहेत, वजन कमी करा, लग्न झालं की होईल सगळं व्यवस्थित. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

आता गाठ हा शब्द आमच्या घरात साधा नाहीये. थोरल्या काकूंच्या छातीतली गाठ उशिरा कळलेली आणि त्या गेल्या. त्यामुळे त्या रात्री आई देवासमोर बसून रडली, आज्जी म्हणाली "पोरीला कुणाची नजर लागली", आणि मी पांघरुणात मोबाईल घेऊन एवढंच शोधत बसले की गाठी काढायचं ऑपरेशन करतात का.

पुढं वर्षभरानं दुसऱ्या एका मॅडमकडं गेले, त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं. दर महिन्याला अंडाशयात बरीच बीजं वाढायला लागतात, त्यातलं एक पूर्ण वाढतं आणि बाहेर पडतं. माझ्यात ती वाढायला लागतात आणि अर्ध्यावर थांबतात, सोनोग्राफीत ज्या गाठी म्हणून दिसतात त्या म्हणजे ह्या थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या, फॉलिकल्स. त्या कापायच्या नसतात आणि तेवढ्यावरून निदान पण होत नाही. २००३ पासून नियम असा आहे की तीन गोष्टींपैकी दोन तरी लागतात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त (चेहऱ्यावर केस, खूप पिंपल्स किंवा रक्ताच्या रिपोर्टमधे), आणि सोनोग्राफीतलं हे चित्र. तेही थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) तपासून दुसरं काही नाही ना हे बघितल्यावरच. माझं हे सगळं तेव्हा पहिल्यांदा तपासलं गेलं. आणि हो, बारीक मुलींना पण हे असतं, त्यांना तर कुणी विचारतच नाही.

मग मॅडमनी माझी मान बघितली.

मानेवरच इथं मला थांबायचंय. आठवीपासून माझी मान मागून काळी पडलेली, जरा जाड, मखमली अशी. दर रविवारी आई बेसन-हळद लावून घासायची, कधी कधी अंगघाशीच्या दगडानं, आग व्हायची, ती म्हणायची "मळ साठलाय, नीट अंघोळ करत नाहीस." मळ नव्हता तो. शरीर इन्शुलिनला, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला, नीट दाद देत नाही म्हणून ते जास्त जास्त तयार होतं, त्या वाढलेल्या इन्शुलिनमुळं कातडी अशी काळी आणि जाड होते, आणि तेच इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, म्हणून हनुवटीवर केस आणि म्हणून पाळी नाही. सगळ्याचा एकमेकांशी संबंध होता आणि आम्ही मान घासत बसलेलो. आईला हे सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, नुसता माझ्या मानेवरनं हात फिरवला.

लग्न, मूल हे सगळे विचारतात. साखर कुणी विचारली नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त दिलं, माझी शुगर नॉर्मल निघाली, पण पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) असलेल्या बाईला पुढं डायबेटिस व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून ही टेस्ट अधूनमधून करायचीच. दुसरं म्हणजे पाळी महिनोन् महिने न येणं ही 'कटकट गेली' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही, आतलं अस्तर जाड होत राहतं आणि वर्षानुवर्षं तसं राहिलं तर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने वर गेले की मला गोळ्या देऊन पाळी आणतात. मेटफॉर्मिन, इन्शुलिन नीट लागू पडावं म्हणून देतात ती गोळी, पण चालू आहे, सुरुवातीला पोट फार बिघडायचं, मग जेवणानंतर आणि हळूहळू डोस वाढवत जमलं.

बाकी भाकरी पहिल्यापासून आवडतेच, भात कमी केलाय, सोडला नाही. कंदी पेढा कुणी हातावर ठेवला तर एक खाते आणि त्याबद्दल कुणाचं ऐकून घेत नाही. सकाळी गोडोलीतनं अजिंक्यताऱ्यावर चालत जाते. वजन फार नाही उतरलं, चार किलो, पण पाळी आता ४०-४५ दिवसांनी येते आणि मला तेवढं पुष्कळ वाटतं.

अजून एक त्रास कुणी लिहीत नाही. घरात पूजा असली की आत्याचा फोन येतो, "तुझी तारीख कधी गं?" मला तारीखच नाही. पहिल्यांदा खोटी सांगायचे, आता सांगते, आत्या, माझं नक्की नसतं, आली तर आली. ती गप्प होते, पण पूजेला बोलावते.

गेल्या उन्हाळ्यात आईची वेणी घालताना मंगळसूत्राखाली तिची मान बघितली. काळी, माझ्यासारखीच. ती नेहमी म्हणायची मंगळसूत्र घासून झालंय ते. तिला लॅबमधे घेऊन गेले, शुगरचा रिपोर्ट बॉर्डरवर आला. आता ती पण येते सकाळी माझ्याबरोबर, वाटेतल्या चार भिंती स्मारकापर्यंत, तिथं गुडघे धरून बसते आणि म्हणते, तू जा वर, मी हितंच हाय.