चष्म्याचं विचारायचं राहिलं

साखरपुड्याच्या शूटआधी मी कपलला व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवतो, अकरा वर्षांत वाढत वाढत तो आता वाचताना बोट दुखेल एवढा झालाय. फेशियल आदल्या दिवशी करू नका, तोंड लाल होतं, निदान आठवडाभर आधी उरका. मुलाने केस चार-पाच दिवस आधी कापावेत, नाहीतर ताज्या कटिंगची पांढरी कड कानामागे दिसते. बारीक चौकड्यांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्याच्यावर लाटा उठतात आणि त्या काढण्यात माझी रात्र जाते. नवी चप्पल दोन दिवस घरात घालून फिरा. खिशात पाकीट, किल्ल्या, मोबाईल नको. नखं बघा, दोघांचीही. एवढं सगळं आणि चष्म्याबद्दल एक अक्षर नाही. काच चमकली तर मान जरा खाली घ्यायला सांगून मी आजवर निभावून नेलं होतं, म्हणून लिहावंसं वाटलंच नाही.

मुलगा कोपरखैरण्याचा, मुलगी ठाण्याची, कोपरीची. कांदेपोहे होऊन दीड महिना झालेला आणि दोघं भेटलेले मोजून तीनदा, त्यात एकदा अख्खं खानदान सोबत. माझी त्यांची मीटिंग तलावपाळीजवळ एका कॅफेत झाली, संध्याकाळी. चष्मा तेव्हा स्वच्छ, साधा. मला कुठून कळणार?

मुलीला फ्लेमिंगो हवे होते. आता नवी मुंबईत फ्लेमिंगो म्हटलं की लोकांना वाटतं गेलं की उभेच असतील आपल्यासाठी. तसं नसतं. ओहोटी असली की ते खाडीच्या चिखलात चरतात, लांब, टिपक्यांएवढे दिसतात. भरतीचं पाणी चढून चिखल बुडायला लागला की उडून आत तलावात येतात, सीवूड्सला एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागे वगैरे. म्हणजे शूटची तारीख पक्ष्यांनी ठरवायची, तुम्ही नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी मला हिशोब शिकवलाय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि खाडीत आत असल्यामुळे अजून थोडं पुढे धरायचं. आता मोबाईलवर सगळं मिळतं पण मी आधी हेच गणित करतो आणि मग मोबाईल बघतो, खोटं नाही सांगत, अजून फार चुकलेलं नाही. तर फेब्रुवारीतली द्वादशी पकडली, म्हणजे भरती नऊनंतर पूर्ण, पण चिखल त्याआधीच बुडायला लागतो, म्हणून आठच्या आसपास थवे यायला लागतील आणि ऊनही तोवर कोवळं असेल.

पहाटे पावणेसहाला चरईतून निघालो, मी, असिस्टंट आणि मेकअपवाली ताई. तिकडे पोचलो तर मुलासोबत त्याची आई आणि मुलीसोबत तिचा कॉलेजातला भाऊ. आई म्हणाल्या, "मी आपली गाडीत बसते, तुमचं चालू द्या," आणि दहाव्या मिनिटाला बांधावर माझ्या शेजारी उभ्या. भावाच्या हातात मी रिफ्लेक्टर दिला, रिकामा माणूस मला शूटवर चालत नाही.

पहिला अर्धा तास अत्यंत वाईट गेला. दोघांमध्ये एक माणूस आरामात बसेल एवढं अंतर, मुलगा पासपोर्टच्या फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ, मुलगी बोलतेय तर "तुम्ही इकडे येता का", "तुम्हाला ऊन लागतंय का". आणि सव्वासातला सूर्य वर आला तसा मुलाचा चष्मा काळा व्हायला लागला. चांगला काळा. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा होत्या त्या, आणि एक गोष्ट मला त्या दिवशी नीट कळली की हवा गार असली की त्या अजूनच गडद होतात. डोळेच दिसेनात. साखरपुड्याच्या फोटोत मुलाचे डोळे नाहीत म्हणजे मी काय विकणार?

मग आम्ही जुगाड सुरू केला. काकूंनी, म्हणजे मुलाच्या आईने, चष्मा पर्समध्ये ठेवायचा, पाच-सात मिनिटांनी काच पांढरी झाली की असिस्टंटने पळत नेऊन द्यायचा, मुलाने घालायचा आणि मी खटाखट मारायचे. अर्ध्या मिनिटात परत काळा. असं चार वेळा केलं, चौथ्या वेळी असिस्टंट बांधावरच्या शेवाळावरून घसरला, चष्मा वाचला, त्याची पँट गेली. मी म्हटलं बस, काढाच तो. तर चष्मा काढल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खळगे, ताईने कन्सीलर लावून ते बुजवले. (आता मेसेजमध्ये आहे, शूटच्या अर्धा तास आधी चष्मा काढून ठेवा, किंवा जुन्या फ्रेमच्या काचा काढून ती रिकामी फ्रेम आणा.)

"नंबर किती आहे?" मी विचारलं.

"सात. मायनस."

म्हणजे त्याला मी दिसत नव्हतो. कॅमेरा दिसत नव्हता. बांध कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं तेही नीट दिसत नव्हतं.

मी ऐंशी-नव्वद पावलं मागे गेलो, 70-200 ही लांबची लेन्स लावली आणि ओरडून सांगितलं, हळूहळू माझ्याकडे चालत या, कॅमेऱ्याकडे बघू नका. लांबच्या लेन्सचा एक फायदा असतो की मागचे पक्षी जवळ ओढल्यासारखे मोठे दिसतात, दुसरा फायदा कोणी सांगत नाही, फोटोग्राफर लांब असला की माणसं विसरतात त्याला. पहिली चार पावलं त्याने एकट्याने टाकली, पाय चाचपत. पाचव्याला दगड.

"अरे थांब ना! पाय उचल, दगड आहे!"

आणि तिने त्याचा हात कोपराच्या वर घट्ट धरला. पोज नाही, आजीला रस्ता क्रॉस करताना धरतात तसा. माझ्या शेजारी काकू होत्या, त्यांनी ते "अरे" ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीच न बोलता पर्सची चेन उगाच उघडून परत लावली.

तेवढ्यात थवा आला. डोक्यावरून आला तेव्हा पंखांखालचा लाल-काळा पट्टा दिसला आणि मग सगळे तलावात उतरले, बदकांसारखी कलकल करत. मुलगा थांबला. म्हणाला, "मला फक्त काहीतरी गुलाबी दिसतंय. किती आहेत?" आता या प्रश्नाला "खूप आहेत" म्हणून कोणीही मोकळं झालं असतं. ही मोजायला लागली. बोट पुढे करून, मोठ्याने, एक, दोन, तीन, आणि तो मान तिच्याकडे कलती करून ऐकतोय, पक्ष्यांकडे बघतच नाहीये कारण बघून उपयोग नाही. चाळीसच्या पुढे कुठेतरी तिचा हिशोब चुकला, ते हलले ना मधेच, आणि दोघं जे हसत सुटले. मी बोट शटरवरून उचललंच नाही.

काकूंनी मध्येच विचारलं, ड्रोनने उडवता नाही का येणार, मागे सगळे उडताना मस्त येईल. हे मला दर दुसऱ्या कपलच्या घरातून विचारतात. मी म्हटलं, काकू, ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, हा तलाव हद्दीबाहेर असला तरी पक्षी तेच आहेत, भरती उतरेपर्यंत विसावायला आलेत, आपल्या रीलसाठी त्यांना कशाला उठवायचं. काकू म्हणाल्या बरोबर आहे, पाहुण्यांना कोण उठवतं.

पुढचे दोन ड्रेस भराभर झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. साडेनऊला ऊन कडक झालं, आम्ही नेरूळ स्टेशनजवळ मिसळ खाल्ली. चष्मा परत नाकावर आला तरी चालताना तिने त्याचा हात धरलेलाच होता, आणि "तुम्ही" परत आलं नाही, काकूंसमोरसुद्धा.

त्या मोजणीचे सव्वीस फोटो पाठवले. माझ्या मते या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम. दोघांनाही तेच आवडले होते. पण हॉलच्या दारात लावायच्या मोठ्या बोर्डावर कुठला लावायचा हे काकूंनी ठरवलं, आणि त्यांनी निवडला सुरुवातीच्या अर्ध्या तासातला, ताठ उभा, काळाकुट्ट चष्मा. "गॉगलमध्ये हिरो दिसतोय बाळ."

साखरपुड्याला मी दारातच कॅमेरा सेट करत होतो. मुलीकडचे एक आजोबा आले, बोर्डासमोर थांबले, काठीवर रेलून नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "जावयाचे डोळे आलेत काय हो?"