मी छपरांना टोप्या घालतो

सोलापूरला सुट्टीवर गेलो की नव्या पेठेतल्या चहाच्या टपरीवर जुने मित्र भेटतात आणि एक प्रश्न ठरलेला असतो. "तू तिकडं शिकागोत नेमकं करतोस काय बे?" पहिली दोन वर्षं मी "एचव्हीएसी प्रोजेक्ट इंजिनियर", म्हणजे इमारतींच्या गरम-गार आणि ताज्या हवेची सोय बघणारा, असं भारदस्त उत्तर देऊन पाहिलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की दोघांनी घरचा बिघडलेला एसी बघायला बोलावलं. आता सरळ सांगतो, मी छपरांना टोप्या घालतो. सगळे हसतात. टोपी घालणं म्हणजे काय ते सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

पण काम खरोखर तेच आहे. इकडं दुकानं, शाळा, ऑफिसं, गोदामं यांची छपरं बहुतेक सपाट असतात. त्यांवर चढलात तर अ‍ॅल्युमिनियमच्या बसक्या, चौकोनी पेट्या पालथ्या घातल्यासारख्या दिसतील. त्यांना हूड म्हणतात. काही हूड बाहेरची ताजी हवा आत घेतात, काही आतली जादा झालेली हवा बाहेर सोडतात. बऱ्याच हूडमध्ये स्वतःचा पंखाही नसतो. पाऊस, बर्फ आणि पाखरं आत येऊ न देता हवेला वाट द्यायची, एवढंच त्यांचं काम. ते एवढंच काम नीट होण्यासाठी मी दिवसभर डोकं खाजवतो.

अक्कलकोट तालुक्यात आमचं आजोळ, जुन्या माळवदाचं घर. चुलीच्या बरोबर वर माळवदाला सानं होतं. त्यातून धूर बाहेर जायचा आणि सकाळी उन्हाचा एक गोल तुकडा थेट परातीत पडायचा. सान्याची कड चार बोटं वर उचललेली आणि पांढऱ्या मातीनं लिंपलेली असायची, म्हणजे माळवदावर साचलेलं पाणी घरात उतरत नसे. आभाळ भरून आलं की आजी ओरडायची, "पोरा, वर जा, सान्यावर घमेलं पालथं घाल!" आज हिशेब लावला तर ती कड म्हणजे आमचा कर्ब, ते घमेलं म्हणजे हूड, आणि मी म्हणजे मोटरवर चालणारा डॅम्पर, हवेची वाट उघडझाप करणारी झडप.

या कर्बनंच मला इकडं पहिला दणका दिला. कर्ब म्हणजे छपराच्या भोकाभोवती उभारलेली पत्र्याची चौकट, वरच्या काठाला लाकडी पट्टी. नकाशात तिची उंची बहुधा 12 इंच लिहिलेली असते. छपराचं पाणी अडवणारा पडदा तिच्या अंगावर वर चढवून चिकटवतात आणि मग हूड डब्याच्या झाकणासारखा वरून बसतो. झाकण डब्यापेक्षा थोडं मोठं लागतं, हे पोळ्यांचा डबा हाताळलेल्या कुणालाही कळतं. मला कळलं नाही. हूडचा तळ 30 इंचांचा होता, मी कर्बही बाहेरून 30 इंचांचा मागवला. खरं तर तो साधारण दीड इंच कमी हवा, कारण पडद्याची जाडी आणि घड्या यांनाही जागा लागते.

रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, तासाच्या भाड्यावर क्रेन आणलेली. पहिला हूड हवेत तरंगत आला, खाली उतरला आणि कर्बवर नुसता टेकून राहिला. आमच्या फोरमननं त्याला हातानं इकडून तिकडून थोपटलं, मग माझ्याकडं बघितलं. बोलला काहीच नाही. शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. सहाच्या सहा हूड परत ट्रकवर चढले.

तेव्हापासून मी आधी हूड ठरवतो, मग कर्ब. जुन्या इमारतीत तर छपरावर स्वतः टेप लावून मापतो. तिथं दुसरी एक गंमत असते. मधल्या काळात कुणीतरी छपरावर थर्माकोलसारख्या इन्सुलेशनचा सहा इंचांचा थर टाकलेला असतो आणि 12 इंचांचा कर्ब निम्मा गाडला जातो. पडदा किमान 8 इंच तरी वर चढावा असा इकडचा दंडक आहे. शिकागोत बर्फ साचतो, तो वितळून पुन्हा गोठतो आणि वितळलेलं पाणी फट शोधतच असतं.

माप काढणं मात्र मला मनापासून आवडतं. समजा, मिनिटाला 2000 घनफूट हवा आत घ्यायची आहे. हूडच्या गळ्यातून, म्हणजे छपरातून आत उतरणाऱ्या वाटेतून, ती मिनिटाला 500 फुटांच्या वेगानं जावी असं धरलं तर 4 चौरस फूट वाट लागते, म्हणजे 24 बाय 24 इंचांचा गळा. आता मालक म्हणतो, 18 इंची हूड स्वस्त आहे, तोच लाव. बसतो की. पण वाट उरते सव्वादोन चौरस फूट, वेग जातो 890च्या आसपास, आणि दाबाचा तोटा वेगाच्या वर्गानं वाढत असल्यामुळं तो तिपटीच्या वर जातो. आत कुठंतरी पंखा धापा टाकायला लागतो. वर एवढ्या वेगानं ओढलेली हवा पावसाचे थेंब आणि बर्फाची भुकटीही सोबत घेऊन येते. मग छताच्या पांढऱ्या टाइलवर पिवळा डाग उमटतो आणि मालक फोन करतो, छप्पर गळतंय. छप्पर शाबूत असतं.

जागा ठरवताना नाक वापरावं लागतं. हवा आत घेणारा हूड घाण हवेच्या तोंडापासून किमान 10 फूट लांब हवा, हे नियमात आहे. एका इमारतीत आम्ही तो नियम तंतोतंत पाळला, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत रोज अकरा वाजता तळलेल्या कांद्याचा वास यायचा. खाली हॉटेल होतं. त्याच्या भटारखान्याचा धूर छपराच्या वर 40 इंचांवरून सुटत होता, तेही नियमाप्रमाणंच. फक्त वारा त्या बाजूचा होता. शेवटी हूड छपराच्या दुसऱ्या टोकाला हलवला. वकिलांचं ऑफिस होतं ते, म्हणून जरा लवकर हलवला.

आता मूळ गोष्ट. गेल्या मे महिन्यात सोलापुरात होतो. पारा 43 अंशांवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मित्राच्या वडिलांचा यंत्रमागाचा कारखाना आहे, चादरी आणि टॉवेलचा. सोळा माग, वर सिमेंटचे पत्रे. आत शिरलो तर घामानं चष्मा धुरकट झाला. खडखडाटात कानाशी तोंड नेऊन मी म्हणालो, "काका, वर आठ टर्बो व्हेंटिलेटर टाका. वाऱ्यावर फिरतात, विजेचा खर्च शून्य. सगळी गरम हवा वरून निघून जाईल." मोबाइलवर हिशेबही करून दाखवला, तासाला हवा किती वेळा बदलेल वगैरे.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराला, हाक मारली. तो तेलुगूत काहीतरी बोलला आणि हसला. मग मला एका मागाजवळ घेऊन गेला. मागाखालची फरशी ओली होती, कडेला भिजवलेली पोती पडलेली. त्यानं ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताच्या, एका तारेला बोट लावलं आणि म्हणाला, "कोरडी हवा लागली की हे पटापटा तुटतंय, सर. मग माग बंद, गाठ मारा, परत चालू करा. दिवसभर तेच."

मी गप्प झालो. सूत ओलाव्यावर जगतं. सुती विणकामाला हवेत 75-80 टक्के आर्द्रता लागते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दसुद्धा 1906 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात कापड गिरण्यांच्या कामातल्या स्टुअर्ट क्रेमर या इंजिनियरनं वापरात आणला, तोही गारव्यासाठी नाही, तर सुताला ओलावा देण्यासाठी. आणि मी सोलापूरचा, मागांच्या आवाजात वाढलेला, या लोकांच्या डोक्यावर आठ भोकं पाडून मे महिन्याची कोरडी हवा आत घेणार होतो!

मग दोन दिवस काकांबरोबर बसून साधा आराखडा केला. मागांच्या वर काहीच नाही. पत्र्यांवर चुना मारायचा. शिलाई आणि पॅकिंगच्या बाजूला, जिथं माग नाहीत, तिथं तीन हूड टाकायचे. प्रत्येकाला आतून दोरीनं ओढून बंद होणारं झाकण. बारीक जाळी नको, जाड, अर्ध्या इंचाच्या भोकांची, कारण सुताचा उडता केर बारीक जाळीवर महिनाभरात गोधडी विणून ठेवतो.

फॅब्रिकेटर गडी हुशार निघाला. फक्त त्याची पोरं सिमेंटच्या पत्र्यावर मोकळीच चढायला लागली, तेव्हा माझा जीव वर आला. शिकागोत छपराला नुसतं भोक पाडलं तरी त्यावर घट्ट झाकण बसवून मोठ्या अक्षरांत 'होल' असं लिहावं लागतं. सिमेंटच्या पत्र्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं, पाय कुठंही आत जाऊ शकतो. मी फळ्या आणि दोर येईपर्यंत काम थांबवलं. पोरांना ते पटलं नाही, पण काकांनी डोळे वटारल्यावर खाली उतरली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. बाहेर धो धो पाऊस, आत पॅकिंगच्या टेबलावर बादली, बादलीत टप टप. "तुझ्या टोपीनं आम्हाला टोपी घातली बघ," काका म्हणाले. मी वरचा फोटो मागवला. एका हूडच्या पट्टीचे दोन स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, ते नाळीत मारलेले. पाणी नेमकं तिथूनच वाहतं. फॅब्रिकेटर सोमवारी येतो म्हणालाय. तोवर टॉवेलचे गठ्ठे त्यांनी मागांच्या बाजूला सरकवलेत आणि जॉबर खूश आहे, पावसानं हवा ओली झाल्यापासून तार तुटायची कमी झालीय.